कोलशेतची गाजरं

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

लॅबमध्ये औषध कंपनीचा माणूस येतो, त्याने ही डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी एका गोळीची जाहिरात आहे. आजच्या पानावर नेमकी साखरेची गोळी, आणि आजच आईंच्या उशीच्या अभ्र्यात तिळगुळाच्या वड्या सापडल्या. कागदात नीट बांधून ठेवलेल्या. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण हळू.

"आई, मुंग्या येतील."

"येऊ देत. त्यांनाही संक्रांत आहेच की."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. मी लॅबच्या काउंटरवर बसते, अर्ध्या डोंबिवलीच्या साखरेचे रिपोर्ट माझ्या हातून पाकिटात जातात, आणि माझ्याच घरातली ही बाई वर्षभर बोटाला सुई लावू देत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गुळपोळ्या केल्या होत्या. पहिल्याच घासाला, "सारण कडेपर्यंत गेलेलं नाही." लग्नाला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी केलेल्या एकाही पदार्थाला त्यांनी चांगलं म्हटलेलं नाही. आमटी पातळ, पोळी जाड, भात मोकळा झाला तर कोरडा आणि मऊ झाला तर गिचका. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "अगं, तिचा स्वभावच आहे तो." मी काही बोलले की मात्र ती किरकिर असते.

१७ जानेवारी, शुक्रवार

तळमजल्यावर उत्तराताईंकडे हळदीकुंकू होतं. आई, मी आणि माझी लेक दिशा, तिघी गेलो. उपमा दिला होता. दिशाने एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, मीठ राहिलंय का?" उत्तराताईंचा चेहरा पडला. आईंनी दिशाकडे असं बघितलं की तिने बशी रिकामी केली. वर आईंनी स्वतः मागून घेतला तोच उपमा. "छान झालाय हो," म्हणाल्या.

जिना चढताना दिशाला झापलं. "लोकांच्या घरी बशीत पडेल ते गोड मानून घ्यायचं. नावं ठेवायची ती आपल्या घरी. एवढी मोठी झालीस, तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?"

हे नेहमीचंच. मुलगी चुकली की माझं शिक्षण कमी पडतं. मी उत्तर देणार, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला आणि खालीच बसल्या. घामाने चिंब झाल्या होत्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हे आणि शेजारचा मुलगा मिळून त्यांना उचलून वर घेऊन आले.

१८ जानेवारी, शनिवार

उपाशीपोटी दोनशे चौदा. रिपोर्ट मीच पाकिटात घातला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या घरी हे कसं?" काय सांगू? उशीचा अभ्रा सांगू?

१९ जानेवारी, रविवार

सर्वेश आणि रुचिता आले. माझे धाकटे दीर आणि जाऊ. ठाण्याला, कोलशेतमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतात, बाल्कनीतून खाडी दिसते. सर्वेशभाऊजी म्हणाले, "वहिनी, आईला काही दिवस आमच्याकडे राहू दे. लिफ्ट आहे, खाली चालायला ट्रॅक आहे. तुम्हालाही जरा आराम."

रुचिता म्हणाली, "मी सगळं डाएट बघते. साखर एकदम कमी करू."

मला वाटलं आई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरं." बॅग भरायला उठल्यासुद्धा.

खरं लिहायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता आमटी मला हवी तशी करणार आहे. पातळच्या पातळ.

२३ जानेवारी, गुरुवार

केली. पातळ केली. हे मोबाइलमध्ये बघत जेवले, दिशा कानात वायर घालून जेवली. कोणीच काही बोललं नाही. मी विचारलं, "कशी झालीये?" हे म्हणाले, "काय?"

२ फेब्रुवारी, रविवार

आज कोलशेतला गेलो. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली, बाळकुमच्या पुढे मेट्रोच्या कामाने नुसता धुरळा. वर पोचलो तर आई सोफ्यावर, पायाखाली उशी, अंगावर नवा गाऊन. आमच्याकडे गाऊन घाला म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते, तेव्हा "मी काय हॉस्पिटलात आहे का?" म्हणाल्या होत्या.

जेवायला रुचिताने एक पदार्थ केला होता. गाजराचे तिरके काप, काचेसारखे चकचकीत. ग्लेझ्ड कॅरट्स म्हणाली. साखर नाही, गूळ नाही, फक्त संत्र्याचा रस, थोडं तूप, आलं, मिरी. पोळी-भाजीच्या शेजारी चार काप वाढले. मी मनात म्हटलं, आता बघ गंमत. ज्या बाईने माझ्या तुपाची फोडणी दिलेल्या गाजराच्या कोशिंबिरीला "ससे पाळलेत का घरी?" म्हटलं, ती याला काय म्हणेल!

आईंनी एक काप तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "छान झालंय गं रुचिता."

मला ठसका लागला. ह्यांनी पाणी दिलं.

मग वरणाला छान. भाजीला छान. फुलका तर कडेला करपला होता, मी डोळ्यांनी बघितला, त्यालाही छान. "किती मऊ झालाय!" रुचिता खाली मान घालून वाढत होती, फारशी हसलीसुद्धा नाही. मिळतंय ना रोज, त्याचं काय एवढं, असं असणार.

बावीस वर्षं. मला एक छान नाही. आणि हिला एका जेवणात चार.

येताना रिक्षात हे म्हणाले, "आई खूश आहे ना तिथे?" मी म्हटलं, हो, खूपच. पुढे बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी.

गाजरं आणली. ती लाल दिल्लीची. रेसिपी रुचिताला विचारणार नाही, मेले तरी. खाताना सगळं बघितलंय मी.

कढईत तूप टाकलं आणि हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे गेला. मोहरी तडतडल्यावर लक्षात आलं. जाऊ दे म्हटलं. गाजरं टाकली, संत्र्याचा रस घातला, वर ताट झाकून ताटात पाणी ठेवलं. आपण भाजीला ठेवतो तसं. दहा मिनिटांनी उघडलं तर गाजराची भाजी. चकाकी नाही, काही नाही, लगदा नुसता. दिशा म्हणाली, "आई, हे संत्र्याचं काय बनवलंयस?" तिला बाहेर काढलं स्वयंपाकघरातून.

ओट्याखाली आईंची विळी आणि पाट तसाच आहे. पायात येतो. हलवावा म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्यांदा केलं. या वेळी ती केशरी, बारीक गाजरं आणली. मोहरी नाही. पण झाकण ठेवल्याशिवाय मला शिजवताच येत नाही. झाकण नसलं की गॅस वाया चाललाय असं वाटतं. वाफेचं पाणी परत आत पडलं आणि पुन्हा तेच. मग पाणी आटवायला गॅस मोठा केला, तेवढ्यात लॅबमधून फोन आला, आणि सगळं खाली लागलं. घरभर करपलेल्या संत्र्याचा वास. हे म्हणाले, "काही जळतंय का?"

जळतंय. माझ्या आत जळतंय. पण हे फक्त नाकाने विचारतात.

९ फेब्रुवारी, रविवार

सर्वेशभाऊजींचा फोन. आईंची उपाशीपोटीची साखर एकशे बत्तीस. तीन आठवड्यांत! मला आनंद व्हायला हवा. झाला. लगेच मागून दुसरंही काहीतरी आलं.

मग ते म्हणाले, "वहिनी, मी विचार करतोय, आईला कायमचंच इकडे ठेवू या का? तुमच्याकडे ते तीन मजले, परत जिन्यात काही झालं तर? पाडव्याला सगळे डोंबिवलीला येतो, तेव्हा बसून ठरवू."

हे स्पीकरवर ऐकत होते. म्हणाले, "त्यात काय, आई म्हणेल तसं."

आई काय म्हणतील ते मला माहीत आहे. छान म्हणतील.

मी आईंना फोनवर मागितलं. "आई, बऱ्या आहात ना?" "हो गं, सगळं छान आहे इथे." "जेवण?" "छान." मी विचारलं, "तुमची विळी आणि पाट पाठवू का तिकडे?" म्हणाल्या, "नको. राहू दे तिथेच. जागा हलवू नकोस."

म्हणजे त्यांना आता त्याची गरजही नाही. तिकडे चॉपर आहे. आणि माझ्या स्वयंपाकघरात मात्र त्यांची अडगळ पायात यायलाच हवी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी झाकण न ठेवता केलं. पसरट कढई घेतली, गाजरं एका थरात मांडली, अर्ध्यापर्यंत पाणी, संत्र्याचा रस, मीठ, तूप, किसलेलं आलं. हात मागे बांधून उभी राहिले. पाणी आटत आटत शेवटी नुसता रस राहिला, तो कापांना धरला आणि काय सांगू, चकाकायला लागले! एकटीच हसले मी ओट्यापाशी.

चाखून बघितलं. चांगलं होतं. पण तिच्याइतकंच चांगलं होतं. तिच्याइतकं चांगलं करून मला काय मिळणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे केलं ते लिहावं की नाही कळत नाही. पण ही डायरी कोण वाचतंय? गोळीवाला?

सकाळी गाजरं केली कोलशेतला न्यायला. रस आटत आला तेव्हा साखरेचा डबा उघडला. एक चमचा घातला. मग दुसरा. मग दोन आणखी. असे काही चकाकले की रुचिताच्या गाजरांनी तोंड लपवावं. डब्यात भरले आणि स्वतःला सांगितलं, एका दिवसाने काय होतंय.

कोलशेतला ताटं वाढली. मी डबा उघडला आणि म्हटलं, "आई, मीही करून बघितलीत. बिनसाखरेची." हे असं म्हणाले मी. जीभ झडली नाही.

आईंनी एक काप तोंडात घातला. चावता चावता थांबल्या. माझ्याकडे बघितलं, चांगलं दोन क्षण. मग म्हणाल्या, "छान झालंय गं शुभदा."

मी जिंकले! बावीस वर्षांनी! रुचिताने चमचा पुढे केला, "बघू वहिनी, मला पण," तर आईंनी वाटी स्वतःकडे ओढली. "हे तिने माझ्यासाठी आणलंय." सान्वी, माझी पुतणी, तिनेही हात पुढे केला तर तिचा हात बाजूला केला. सगळी वाटी एकटीने संपवली. रुचिताच्या गाजरांना हात लावला नाही.

रुचिताचा चेहरा बघण्यासारखा होता. मला इतकं बरं वाटलं की रिक्षात मी ह्यांना न विचारता कुल्फी घेतली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी सर्वेशभाऊजींचा फोन ह्यांना. काल जेवणानंतरची साखर दोनशे ऐंशीच्या वर गेली. रात्री आईंना झोप नाही, सारखी तहान. आज सकाळीही वर. भाऊजी रुचितावर चिडलेत. "डाएट बघते म्हणाली होतीस, काय बघतेस?" असं म्हणे सान्वीसमोर बोलले.

हे म्हणाले, "बाहेरचं काही आणलं असेल. ती रुचिता तरी काय, नोकरी सांभाळून किती बघणार?"

मी कांदा चिरत होते. बरं झालं कांदा होता.

आई का बोलल्या नाहीत? त्यांना कळलं नसेल. वय झालं, जिभेची चव जाते. नाहीतर मला सोडलं असतं का त्यांनी? भर ताटावर वाभाडे काढले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काउंटरवर एक म्हातारी आली, मुलीचा हात धरून. साखरेचा रिपोर्ट घ्यायला. मुलगी म्हणाली, "आईला आता मीच बघते, भावाकडे हयगय होते." मी पाकीट दिलं. पाकिटावर नाव दुसऱ्याच बाईचं होतं, परत घ्यावं लागलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी घरात कोणी नव्हतं. रुचिताला फोन केला आणि सांगितलं. चार चमचे साखर, सगळं. मला वाटलं होतं मी नीट वाक्यं बोलेन, पण पहिल्याच वाक्यात हुंदका आला.

ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला माहितीये मी तीन दिवस जेवले नाहीये नीट? मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी गेलं."

"सांग भाऊजींना. मी आहे तयार."

"ते सांगते मी. पण तुम्ही असं का केलंत?"

मी सांगितलं. तुला छान म्हणतात ना, म्हणून.

तर ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "वहिनी, तुम्हाला ते छान हवंय? घ्या हो, सगळं घेऊन जा! एक महिना झाला, माझ्या घरात त्यांना एक गोष्ट वाईट दिसत नाही. परवा मी मुद्दाम आमटीत मीठ दुप्पट घातलं. मुद्दाम. म्हटलं, बघू तरी. सर्वेश थुंकला, सान्वी उठून गेली, आणि आई म्हणाल्या, छान झालीये. अख्खी वाटी प्यायल्या! टीव्ही लावू का विचारलं की तुला हवा असेल तर लाव. झोपायला उशी बरी आहे का, तर छान आहे. मला कसं वाटत असेल?"

मी म्हटलं, "मग तुला त्रास कसला आहे?"

"आणि दिवसभर तुमचंच चाललेलं असतं," ती म्हणाली. "शुभदाची आमटी पातळ असते. शुभदा पोळी जाड लाटते. शुभदा दूध उतू घालवते. मी फुलके करत असले की मागे उभ्या राहून सांगतात, शुभदा कशी करते. शुभदा, शुभदा, शुभदा. मला इतका राग येतो ना तुमचा, वहिनी!"

फोन ठेवला. म्हणजे बाविसाव्या मजल्यावर जाऊनसुद्धा मला नावं ठेवणं चालूच आहे! तिकडच्या शेजारणींनाही सांगितलं असेल. आणि ही रुचिता, हिला आयतं छान छान मिळतंय तर हिला ते टोचतंय. सुख दुखतं म्हणतात ते यालाच.

पण एक आहे. तिने जेवण सोडलं होतं माझ्यामुळे, ते ऐकून मलाही दुपारी जेवण गेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार. होळी.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आईंची साखर पुन्हा एकशे तीसवर आलीये. सर्वेशभाऊजींना रुचिताने सांगितलं. ते मला फोनवर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." खरं आहे. मलाही नव्हती. आता आईंना ते कायमचंच ठेवून घेणार, आणि मला तोंड वर करून काही बोलायला जागा नाही. स्वतःच्या हाताने चार चमचे घातले मी त्यात.

आईंना अजून कोणीच सांगितलेलं नाही. पाडव्याला मी सांगणार आहे.

पुरणपोळी केली. हे म्हणाले, "छान झालीये." दिशा म्हणाली, "मस्त." मी दोघांकडे बघत राहिले. नुसतं मस्त? कडेपर्यंत पुरण गेलंय का कोणी बघितलं? वेलदोडा कमी पडलाय हे कोणाच्या लक्षात आलं? खायचं आणि मस्त म्हणून उठायचं. घर आहे की खानावळ?

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. आईंच्या खोलीची चादर बदलली. उगाच. एका दिवसासाठी येणार त्या, संध्याकाळी परत जाणार. ओट्याखाली झाडताना विळी उचलली, पुसली आणि होती तिथेच ठेवली.

श्रीखंड त्यांना चालणार नाही. गाजरं करणार. साखरेच्या डब्याचं झाकण दिशाकडून घट्ट लावून घेतलं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सगळं सकाळपासून लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

आई तीन मजले चढल्या, मध्ये एकदाच थांबल्या. दारात पोचल्यावर पहिलं वाक्य, "गुढीची साडी कोणी नेसवली? निऱ्या बघ." मी लगेच निऱ्या सारख्या केल्या.

जेवायला बसलो. कडुलिंब झाला. मी गाजरं वाढली आणि तिथेच उभी राहिले, आता सांगायचं म्हणून. आईंनी काप तोंडात टाकला.

"आलं जास्त झालंय. काप जाड चिरलेस. आणि हे तीळ, भाजायचे असतात आधी, असे कच्चे काय भुरभुरवलेस?"

मी म्हटलं, "आई, मला एक सांगायचंय. मागच्या वेळी मी..."

"साखर घातलीस. चार चमचे तरी होती." त्या दुसरा काप घेत म्हणाल्या. "मला काय जीभ नाही? म्हणून तर वाटी ओढून घेतली. त्या रुचिताने चाखलं असतं तर तिथल्या तिथे अब्रू गेली असती तुझी. मूर्ख!"

सर्वेशभाऊजींनी घास खाली ठेवला. "आई, तुला कळलं होतं? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"लोकांच्या घरी काय बोलायचं?"

असं म्हणाल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं. ताटात बघत राहिल्या. दिशाने माझ्याकडे बघितलं. तो उत्तराताईंचा उपमा आठवला असणार तिला. मलाही आत्ता आठवला.

"आई," भाऊजी म्हणाले, "ते तुझंच घर आहे गं."

"हो रे बाबा. आहेच," आई म्हणाल्या. "छान आहे." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "छान छान म्हणून माझा जबडा दुखला रे, सर्वेश. मी इथेच राहते. दिवसातून दोनदा चालीन गच्चीवर. गाजरं खाईन. उशीत काही ठेवणार नाही."

हे म्हणाले, "आई म्हणेल तसं." आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं वाक्य मला आवडलं.

पण रुचिता ताटावरून उठली आणि आत गेली. मी मागे गेले. ती ओट्याशी उभी, पाठ माझ्याकडे, नळ उगाच सोडलेला. तिने दोन महिने रोज संत्री पिळली आणि तिचं घर लोकांचं ठरलं.

तेवढ्यात आई आत आल्या. पाट ओढला, विळीशी बसल्या, जणू कधी उठल्याच नव्हत्या.

"नळ बंद कर आधी," रुचिताला म्हणाल्या. "पाणी काय फुकट येतं का? आणि ऐक. तुझ्या गाजरात मिरी कमी असते. संत्र्याच्या बिया नीट काढत नाहीस, दोनदा दाताखाली आल्या. फुलका एका बाजूने करपवतेस. आणि ती आमटी! मुद्दाम केलीस ना? अख्खा दिवस पाणी पीत होते मी. बाईमाणसाने असं करायचं असतं का?"

रुचिता वळली. डोळ्यांतून पाणी आणि तोंड हे एवढं हसलेलं. "आई, करपला होता ना फुलका? मला माहीत होतं!"

"करपला होता म्हणजे? कोळसा होता."

आणि ती अशी काही त्यांच्या गळ्यात पडली की विळी बाजूला करावी लागली मला. मीही हसले. आनंद झाला. मनापासून झाला.

आता रात्र झाली, ते लोक गेले. आई आत झोपल्यात, दार अर्धं उघडं आहे. आणि मी इथे बसून सारखी मोजतेय. मला आलं, काप, तीळ. गुढीच्या निऱ्या धरल्या तर चार, पण निऱ्या काही स्वयंपाकात येत नाहीत. तिला नळ, मिरी, बिया, फुलका, आमटी. म्हणजे बावीस वर्षं मी केलं, आणि हिला पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा जास्त! वर "कोळसा" म्हणाल्या. मला कधी कोळसा म्हटलेलं नाही.

उद्या सकाळी पोहे आहेत. मीठ घालायला विसरणार आहे.